छोट्या सेवाभावी संस्थेचे कार्यालय कमी खर्चात संगणकावर कसे आणावे: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

नोंदणी प्रमाणपत्र हाती आले, बँकेत खाते उघडले, रबरी शिक्का तयार झाला, की नव्या संस्थेच्या पहिल्या-दुसऱ्या सभेतच कोणीतरी विचारते, "संगणक कोणता घ्यायचा?" माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर विचारायला हवा. यंत्र विकत आणणे हे कार्यालय उभारण्यातले सर्वात महाग आणि तरीही सर्वात सोपे काम आहे. त्याआधीची कामे जवळजवळ फुकट होतात, परंतु ती चुकली तर पुढे वर्षानुवर्षे त्रास होतो. म्हणून या लेखात कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने सांगितली आहेत.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातली एक संस्था डोळ्यांपुढे ठेवू. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवते, गरजूंना परीक्षा शुल्कासाठी मदत करते, तिच्याकडे एक-दोन मानधनावरचे कार्यकर्ते आहेत आणि बाकी सगळे पदाधिकारी आपली नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून संध्याकाळी काम पाहतात. अशा संस्थेकडे पैसा कमी असतो, हे उघडच आहे. त्याहून मोठी अडचण अशी की कामाची माणसे बदलत राहतात. त्यामुळे कोणतीही सोय निवडताना ती स्वस्त आहे का, याबरोबरच ती संस्थेच्या नावावर राहील का आणि दुसऱ्या माणसाला सहज हाती घेता येईल का, हे दोन प्रश्न विचारावेत.

पहिली पायरी: कागदपत्रे एकदाच, नीट

सवलतीत किंवा मोफत मिळणाऱ्या बहुतेक सेवा संस्थेची कागदपत्रे तपासल्यानंतरच मिळतात. महाराष्ट्रात बहुसंख्य संस्था १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि त्याचबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या असतात, तर काही कंपनी कायदा, २०१३च्या कलम ८ खाली कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात. कोणत्याही प्रकारची संस्था असो, नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, पॅन कार्ड, आयकर विभागाकडील १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी आपण ओळखतो त्या नोंदण्यांचे आदेश, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि सध्याच्या कार्यकारी मंडळाची यादी, एवढे कागद एकदा स्वच्छ स्कॅन करून प्रत्येकाची स्वतंत्र पीडीएफ बनवावी. यासाठी स्कॅनर लागत नाही. मोबाइलमधील गूगल ड्राइव्हच्या स्कॅन सोयीने सावली आणि वाकडेपणा काढलेली, सहज वाचता येणारी प्रत मिळते. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. जुने क्रमांक तोंडी राहतील, परंतु अर्ज भरताना आपल्या सनदी लेखापालांना विचारून घ्यावे.

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे. नोंदणी प्रमाणपत्रावर "बहुउद्देशीय सेवाभावी संस्था", पॅनवर इंग्रजीत त्याचेच थोडे वेगळे स्पेलिंग आणि बँकेत नावाचा संक्षेप, असे तीन ठिकाणी तीन अवतार असतात, आणि पडताळणीत अर्ज अडकण्याचे सर्वात नेहमीचे कारण हेच असते. इंग्रजी नाव पॅन कार्डावर आहे अक्षरशः तसेच सर्वत्र लिहायचे, असा ठराव करून ते नाव कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवले तरी चालेल. पत्ता किंवा पदाधिकारी बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला असेल तर आधी तो द्यावा आणि मगच ऑनलाइन अर्जांकडे वळावे.

दुसरी पायरी: डोमेन आणि ईमेल संस्थेच्या नावाने

संस्थेचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, हा या सगळ्यातला पहिला खरा खर्च. डॉट ओआरजी किंवा डॉट ओआरजी डॉट इन या प्रकारच्या पत्त्याला वर्षाला साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षी फार स्वस्त दिसणारा दर नूतनीकरणाच्या वेळी दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी पाहावा. नाव छोटे असावे आणि फोनवर सांगितले तरी समोरच्याला चूक न होता लिहिता यावे. मराठी शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होत असेल, तर ते नाव टाळलेले बरे.

डोमेन विकत घेताना नोंदणीदार म्हणून संस्थेचे नाव लिहावे, पैसे संस्थेच्या खात्यातून जावेत आणि पावती संस्थेच्या नावाची घ्यावी. उत्साही स्वयंसेवकाने स्वतःच्या कार्डावरून आणि स्वतःच्या ईमेलवरून डोमेन घेतले, दोन वर्षांनी तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि नूतनीकरणाची सूचना कोणाच्याच नजरेस पडली नाही, असे अनेक छोट्या संस्थांच्या बाबतीत घडते. यात त्या स्वयंसेवकाचा दोष नसतो. ही व्यवस्था लावण्याची जबाबदारी कार्यकारी मंडळाची आहे.

डोमेन हाती आले की गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स या योजनेत अर्ज करावा. भारतातील नोंदणीकृत, आयकराच्या दृष्टीने धर्मादाय ठरलेल्या संस्थांना ती खुली आहे. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि सरकारी संस्थांना ती मिळत नाही, आणि शिक्षणसंस्थांसाठी गूगलची वेगळी योजना आहे. पडताळणी झाली की संस्थेच्या डोमेनवरचे ईमेल, सामायिक ड्राइव्ह, कॅलेंडर, ऑनलाइन सभा आणि फॉर्म या सगळ्या सोयी विनामूल्य मिळतात. वैयक्तिक जीमेलला १५ जीबी जागा असते, तर संस्थेला या योजनेत सर्व खात्यांत मिळून १०० टीबी (एक टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) मिळते, जी छोट्या संस्थेला कधीच पुरी वापरता येणार नाही.

मायक्रोसॉफ्टकडेही अशीच योजना आहे. तिच्यात बिझनेस बेसिक हा प्रकार ३०० जणांपर्यंत मोफत आहे, परंतु त्यात वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतात, संगणकावर उतरवून घेता येत नाहीत. पूर्वी दहा जणांसाठी मोफत मिळणारा वरचा प्रकार मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये बंद केला, त्यामुळे जुन्या लेखांत त्याचा उल्लेख आढळला तरी त्यावर भिस्त ठेवू नये. दोन्ही योजना एकदम चालवण्याचा मोह टाळावा. अर्धी कागदपत्रे एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे झाली, की मोफत मिळालेली सोय फार महाग पडते. जिथे बहुतेक काम मोबाइलवरून होते तिथे गूगलचा मार्ग सोपा जातो, असे माझे मत आहे.

ईमेल खाती व्यक्तीच्या नावाने न काढता पदाच्या नावाने काढावीत, म्हणजे एक सचिवांचे, एक खजिनदारांचे, एक संपर्काचे. व्यक्ती बदलली की पासवर्ड बदलायचा, पत्ता तोच राहतो आणि मागचा सगळा पत्रव्यवहार नव्या माणसाच्या हाती येतो. सर्व खात्यांवर नियंत्रण ठेवणारे मुख्य प्रशासक किमान दोन असावेत, आणि ते एकाच घरातले नसावेत.

याशिवाय पोस्टर, आमंत्रणपत्रिका आणि अहवालाच्या मुखपृष्ठासाठी कॅनव्हाची संस्थांसाठीची मोफत योजना उपयोगी आहे, तिच्यात ५० जणांना प्रवेश देता येतो. सवलतीतील इतर सॉफ्टवेअर टेकसूप या संस्थेमार्फत मिळते. अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेली ही संस्था भारतीय संस्थांचीही पडताळणी करते आणि प्रत्येक वस्तूवर छोटे प्रशासकीय शुल्क आकारते. गरज निर्माण झाल्यावर तिच्याकडे जावे, आधीच यादी घेऊन खरेदीला बसू नये.

तिसरी पायरी: कागद कुठे ठेवायचे

गूगलच्या योजनेत सामायिक ड्राइव्ह नावाची सोय असते. तिच्यातील फाइल ज्या व्यक्तीने बनवली तिच्या मालकीची न राहता संस्थेच्या मालकीची होते, आणि त्या व्यक्तीचे खाते बंद झाले तरी फाइल जागेवर राहते. छोट्या संस्थेसाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

फोल्डर थोडे असावेत. नोंदणी व कायदेशीर कागद, सभा व ठराव, हिशेब, देणगीदार, उपक्रम आणि छायाचित्रे एवढे पुरतात, आणि हिशेब व उपक्रमांत आर्थिक वर्षाप्रमाणे उपविभाग करावेत. फाइलचे नाव तारखेने सुरू करावे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे विषय. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरे" अशी नावे दिसू लागली की समजावे, कोणती प्रत मंजूर झाली हे सांगणारा एकही माणूस आता कार्यालयात नाही.

चौथी पायरी: मराठी युनिकोडमध्येच

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी, सर्व संगणकांवर सारखीच चालणारी पद्धत. या पायरीवर थोडे अधिक थांबतो, कारण मराठी संस्थांचे सर्वात मोठे नुकसान येथे होते आणि ते लक्षातही येत नाही. अनेक जुन्या संस्थांची इतिवृत्ते, सभासद याद्या आणि स्मरणिका श्रीलिपी, शिवाजी किंवा डीव्हीटीटी सुरेख यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्या काळात दुसरा पर्याय नव्हता आणि त्या फाँटनी मराठी छपाईची मोठी सेवा केली. मात्र त्यांत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, फक्त पडद्यावर ती देवनागरी दिसतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात, आणि शोधपेटीत "कुलकर्णी" असे लिहिले तरी काहीही सापडत नाही.

नव्या संस्थेने पहिल्या दिवसापासून सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत संगणक प्रणाली) मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट हा कळफलक मिळतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात, त्यामुळे रोज थोडा सराव केला तर काही आठवड्यांत हात बसतो. ज्यांना तेवढे शिकायचे नाही त्यांना रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधने आहेत, आणि मोबाइलवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात बोलून मराठी लिहिता येते. सभेचे टिपण बोलून घ्यायचे आणि नंतर संगणकावर दुरुस्त करायचे, ही पद्धत वयस्कर सचिवांनाही चांगली मानवते.

बोलून किंवा रोमनमधून लिहिलेल्या मजकुरात काही चुका ठरलेल्या असतात आणि त्या तपासाव्यात. "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "कर्मचाऱ्यांना" अशा शब्दांतील ऱ्य हा जोड अनेकदा "दुसर्या", "कर्मचार्यांना" असा उमटतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्यापुढे हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि य दाबला की योग्य जोड मिळतो. फाँट म्हणून राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू, किंवा मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी कोणताही घ्यावा. हे सगळे मोफत आहेत.

जुन्या फाइल असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून देणारी रूपांतर साधने मिळतात, परंतु त्यांचे काम शंभर टक्के शुद्ध नसते. म्हणून सगळे दप्तर एकदम बदलायला बसू नये. घटना, महत्त्वाचे ठराव आणि सभासद नोंदवही आधी बदलून घ्यावी, मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावी आणि बाकीच्या जुन्या फाइलींची निदान पीडीएफ करून ठेवावी.

पाचवी पायरी: याद्या, देणग्या आणि हिशेब

सुरुवातीला संस्थेला कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही, एक नीट आखलेली (एक्सेलसारखी) तक्ता-फाइल लागते. एका ओळीत एकच व्यक्ती आणि एका रकान्यात एकच माहिती, हा नियम पाळावा. नाव मराठीत एका रकान्यात आणि आधार, पॅन किंवा बँक खात्यावर आहे तसे इंग्रजीत दुसऱ्या रकान्यात लिहावे, कारण विद्यार्थ्याच्या खात्यात मदत जमा करताना बँक इंग्रजी नावच पाहते. रकाने एकमेकांत मिसळून देखणी शीर्षके बनवू नयेत, त्याने पुढे क्रमवारी लावता येत नाही. तारखेचा रकाना आधीच तारखेच्या प्रकाराचा करून ठेवावा. तक्त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ५ जून म्हणून लिहिलेली ०५/०६ ही तारीख निमूटपणे ६ मे होऊन बसते, आणि १२ तारखेपुढच्या नोंदी मात्र नुसता मजकूर म्हणून राहतात. अशा मिश्र रकान्यातून वर्षअखेरीस काढलेली कोणतीही बेरीज विश्वासाची नसते.

देणगीदारांच्या यादीत पॅनचा रकाना पहिल्या दिवसापासून असावा. पॅन दहा अक्षरांचा असतो आणि त्यातले चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, न्यासासाठी टी असे असते. एवढी तपासणी तक्त्यातच लावून ठेवता येते आणि निम्म्या लेखनचुका तिथेच सापडतात. ८०-जी असलेल्या संस्थेने देणगीदारांचे वार्षिक विवरणपत्र आजवरच्या नियमाप्रमाणे ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरायचे असते, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क बसते. ते भरल्यानंतरच देणगीदाराला करसवलतीचे प्रमाणपत्र देता येते. मार्च उलटल्यावर लोकांना फोन करून पॅन मागण्यात मे महिना संपतो, म्हणून पावती फाडतानाच तो घ्यावा. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणाऱ्याला ८०-जीची सवलत मिळत नाही, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे.

यूपीआयचा क्यूआर संकेत संस्थेच्या बँक खात्याचाच असावा. खजिनदारांच्या वैयक्तिक क्रमांकावर पैसे घेऊन नंतर संस्थेत भरण्याची पद्धत कितीही प्रामाणिक हेतूने सुरू झाली असली तरी ती पहिल्याच महिन्यात थांबवावी. लेखापरीक्षणात तिचे उत्तर देणे कठीण जाते आणि चांगल्या माणसावर विनाकारण संशय येतो.

हिशेबासाठी टॅली हे विकतचे सॉफ्टवेअर घ्यायचे की नाही, हे संस्थेच्या लेखापरीक्षकांना विचारून ठरवावे. महिन्याला वीस-पंचवीस व्यवहार असतील तर व्यवस्थित रोजकीर्द, पावती पुस्तक आणि तक्ता-फाइल एवढ्यावर काम निभावते, आणि लेखापरीक्षक वर्षअखेरीस त्यांच्याकडे नोंदी करून घेतात. व्यवहार वाढले, सरकारी किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून प्रकल्प आला, तर मात्र प्रकल्पनिहाय हिशेब वेगळा दाखवावा लागतो आणि तेव्हा टॅलीचा खर्च रास्त ठरतो. मोफत पर्याय म्हणून जीएनयूकॅश आहे, परंतु तो वापरणारा लेखापाल आपल्या भागात मिळणार नसेल तर तो घेऊ नये.

सहावी पायरी: आता यंत्र

नवा लॅपटॉप परवडत नसेल तर कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले आणि दुरुस्त करून विकले जाणारे यंत्र चांगले पडते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड यासाठी प्रसिद्ध आहे, आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणीही असे विक्रेते आहेत. खरेदीला जाताना पुढील गोष्टी दुकानातच तपासाव्यात. इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा असावा, कारण त्याआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मेमरी ८ जीबी असावी, साठवणीसाठी एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कहून वेगवान साठवण) असावी, विंडोजची प्रत अधिकृत असल्याचे सेटिंगमध्ये दिसावे. चार्जर काढून वीस मिनिटे यंत्र चालवून पाहावे, प्रत्येक कळ दाबून पाहावी, कॅमेरा आणि बिजागरी तपासावी. पक्के बिल, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि किमान तीन महिन्यांची लेखी हमी मिळत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

एखाद्या कंपनीकडून जुने लॅपटॉप देणगी म्हणून मिळत असतील तर ते घेण्याआधी हेच निकष लावावेत. आठव्या पिढीआधीचे यंत्र फेकायचे कारण नाही. त्यावर लिनक्स मिंट बसवले की अभ्यासिकेत विद्यार्थ्यांना अर्ज भरायला आणि वाचायला ते उत्तम चालते.

दुकानदार "ऑफिस टाकून देतो" असे म्हणतो तेव्हा ते बहुधा चोरीचे सॉफ्टवेअर असते. लोकांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेने ते घेऊ नये, आणि घेण्याची गरजही नाही. लिब्रेऑफिस पूर्णपणे मोफत आहे, त्याचा पडदा मराठीत करता येतो आणि वर्ड-एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. क्वचित मांडणी थोडी हलते, म्हणून बाहेर पाठवायचे पत्र नेहमी पीडीएफ करून पाठवावे.

छपाई रोज होत असेल तर शाईच्या टाकीचा प्रिंटर स्वस्त पडतो. आठवड्यातून एखाद्या वेळीच छपाई होत असेल तर साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यावा, कारण शाई वाळून छिद्रे बंद होण्याचा त्रास त्यात नसतो. आणि महिन्याला दहा पानेच लागत असतील तर शेजारचे झेरॉक्स दुकानच बरे. वीज जाणाऱ्या गावात डेस्कटॉपला छोटा यूपीएस हवाच, मात्र लेझर प्रिंटर त्याच यूपीएसला जोडू नये, त्याचा क्षणिक भार यूपीएसला झेपत नाही.

खरेदी करताना तीन दरपत्रके, कार्यकारी मंडळाचा ठराव, संस्थेच्या नावाचे बिल आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, हा क्रम छोट्या वस्तूलाही सोडू नये. यंत्रावर तोच नोंद क्रमांक रंगाने किंवा चिकटपट्टीने लिहावा. लॅपटॉप कोणाच्या घरी नेला जात असेल तर रजिस्टरमध्ये सही घ्यावी.

जागेच्या कराबद्दल

संगणक आले की त्यातून थोडे उत्पन्न मिळवावे, असा विचार हमखास पुढे येतो: अभ्यासिकेत संगणक वर्ग चालवू, विद्यार्थ्यांचे ऑनलाइन अर्ज शुल्क घेऊन भरून देऊ, किंवा दिवसा एक खोली खासगी शिकवणीला भाड्याने देऊ. हा विचार करण्याआधी महानगरपालिका क्षेत्रातील संस्थेने मालमत्ता कराकडे पाहावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट आहे. परंतु त्या जागेत व्यापार किंवा व्यवसाय चालत असेल, किंवा तिच्यापासून भाडे मिळत असेल, तर मिळालेला पैसा धर्मादाय कामाला लावला तरी त्या भागाला ही सूट लागू होत नाही. सूट आपोआपही मिळत नाही. कर आकारणी विभागाकडे कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो, आणि सूट मिळाली तरी पाणीपट्टीसारख्या इतर बाबी भराव्याच लागतात. महिन्याला दोन-तीन हजार मिळवण्यासाठी वर्षाची सूट घालवण्यात अर्थ नाही, तेव्हा हिशेब मांडून आणि लेखी सल्ला घेऊनच पुढे जावे.

सातवी पायरी: माहितीची राखण

अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक पासबुक संस्थेकडे विश्वासाने दिलेले असते. हे कागद व्हॉट्सॲपच्या गटात फिरणे ही आज सर्वात सर्रास आणि सर्वात गंभीर चूक आहे. गटातला प्रत्येक फोन म्हणजे त्या कागदाची एकेक प्रत. कागद सामायिक ड्राइव्हमधील मर्यादित प्रवेशाच्या फोल्डरमध्येच घ्यावेत. आधारची गरज खरोखर असेल तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार मागावे, ते विद्यार्थ्याला आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात १८ वर्षांखालील मुलामुलींच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी येत असतील तर प्रवेश अर्जातच पालकांच्या सहीची जागा ठेवावी, आणि कोणती माहिती कशासाठी घेतो ते तिथेच साध्या मराठीत लिहावे.

प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा संकेतही मागण्याची सोय, लावावी. ती ज्या मोबाइल क्रमांकाला जोडायची तो संस्थेच्या नावाचा असावा आणि त्याचे रिचार्ज चुकू देऊ नये. बराच काळ न वापरलेला क्रमांक बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग खात्यात शिरण्याचा संकेत त्या परक्या माणसाकडे जातो. पासवर्ड वहीत किंवा फोनच्या संपर्क यादीत न लिहिता बिटवॉर्डनसारख्या मोफत साधनात ठेवावेत, त्याचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात घालून अध्यक्षांच्या ताब्यात, संस्थेच्या कपाटात ठेवावा. महिन्यातून एकदा ड्राइव्हवरील हिशेब आणि नोंदवह्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क कार्यालयाबाहेर, एखाद्या विश्वस्तांच्या घरी असावी. वर्षातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल खरोखर उघडून पाहावी.

आठवी पायरी: पदाधिकारी बदलतात तेव्हा

निवडणूक झाली, नवे कार्यकारी मंडळ आले, की दप्तराबरोबर संगणकीय गोष्टींचीही देवघेव लेखी व्हावी. त्यासाठी एकच पान तयार ठेवावे. त्यावर डोमेन कोणत्या विक्रेत्याकडे आहे व नूतनीकरणाची तारीख, ईमेलचे मुख्य प्रशासक कोण, संस्थेचे सिम कार्ड कोणाकडे आहे, क्यूआर संकेत कोणत्या बँक खात्याचा आहे, आयकर आणि धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळांवरील खाती कोणत्या ईमेलला व क्रमांकाला जोडली आहेत, कोणते यंत्र कोणाकडे आहे आणि हार्ड डिस्क कुठे आहे, एवढे लिहिलेले असावे. पासवर्ड या पानावर लिहू नयेत. मावळत्या आणि नव्या सचिवांनी त्या पानावर सह्या कराव्यात आणि त्याची नोंद त्याच सभेच्या इतिवृत्तात घ्यावी.

बँकेतील सह्यांचे अधिकार बदल अर्ज मंजूर होईपर्यंत अडकून राहू शकतात. ईमेलचे आणि ड्राइव्हचे पासवर्ड मात्र त्याच संध्याकाळी बदलता येतात, आणि ते मावळत्या पदाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, त्यांच्याच हातून बदलून घ्यावेत. आधी नव्या सचिवांना मुख्य प्रशासक करावे, त्यांनी स्वतःच्या फोनवरून एकदा आत जाऊन पाहावे आणि त्यानंतरच जुन्या सचिवांचा प्रवेश काढावा. क्रम उलटा झाला तर संस्थेच्या खात्यात शिरू शकणारे कोणीच उरत नाही, आणि मग गूगलकडे मालकी सिद्ध करण्यासाठी डोमेनच्या विक्रेत्याकडून सुरुवात करावी लागते. तिथे पुन्हा पॅनवरचे नाव आणि डोमेनवरचे नाव एकच असल्याचे दाखवावे लागू शकते.